'वकील-इ-मुतलक' : अमर्याद अधिकारवाचक एका शब्दाचा अर्थ व उगम

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठ्यांच्या उत्तरेकडील राजकारणाचा परिचय असणाऱ्या वाचकास 'वकील-इ-मुतलक' हे पद अपरिचित नाही. डिसेंबर १७८४ मध्ये बादशहा शाहआलम याने महादजी शिंदे यांस या पदाची वस्त्रे दिली. तेव्हापासून दिल्लीच्या पातशाहीची सूत्रे मराठ्यांच्या हाती आली, असे सामान्यतः सांगितले जाते. या पदाचा अर्थ देताना कोणी 'सर्वाधिकारी' म्हणतो, कोणी 'मुख्य कारभारी', कोणी 'प्रतिशासक', तर बोलण्याच्या ओघात कोणी 'हुकूमशहा'ही म्हणून जातो. हे पर्याय वरवर पाहता एकाच अर्थाचे वाटतात. परंतु ते तसे नाहीत. कारभारी दुसऱ्याच्या घरचा कारभार पाहतो, हुकूमशहा कोणाच्याच घरचा नसतो. तेव्हा मूळ शब्द अमर्याद सत्तेचा वाचक आहे, की अमर्यादपणे सोपविलेल्या अधिकाराचा, याचा निर्णय प्रथम झाला पाहिजे. हा भेद केवळ कोशकाराच्या सोयीचा नव्हे. १७८४ मध्ये मराठ्यांनी दिल्लीचे सार्वभौमत्व घेतले की दिल्लीचे सेवकत्व घेतले, या जुन्या वादाचे मूळ या एका शब्दाच्या अर्थात आहे.

२. शब्दाची घटना

शब्दाचे दोन घटक असून ते फारसी इजाफतीने, म्हणजे मधल्या 'इ'ने, जोडलेले आहेत. घटक दोन्ही अरबी, जोडणी फारसी. विशेष्य 'वकील' आणि विशेषण 'मुतलक'. फारसी रचनेत विशेष्य आधी व विशेषण नंतर येते. मराठी वाचकाची नजर मात्र शेवटच्या, ठसठशीत शब्दावर खिळते व पहिला शब्द जणू विसरला जातो. अर्थनिर्णयातील पुष्कळसा घोटाळा येथूनच सुरू होतो.

'वकील' हा शब्द व्-क्-ल् या त्रिवर्णी धातूपासून आला आहे. 'सोपविणे, हवाली करणे, भरवसा टाकणे' हा या धातूचा अर्थ. ईश्वरावर सर्व भार टाकून राहण्याच्या वृत्तीस 'तवक्कुल' म्हणतात, तो शब्द याच धातूचा. ईश्वराच्या नव्व्याण्णव नामांत 'अल्-वकील' हेही एक नाम आहे. ज्याच्यावर काम सोपविले गेले, तो वकील. त्यामुळे वकील म्हटला की सोपविणारा कोणी तरी गृहीत धरलाच पाहिजे. या सोपविणाऱ्यास न्यायालयाच्या मराठीत आपण 'अशील' म्हणतो. हा शब्दही अरबी असून 'अस्ल', म्हणजे मूळ, यापासून निघाला आहे. आपला 'अस्सल' त्याचाच भाऊबंद. अशील म्हणजे मूळ धनी. वकील हा मूळ नव्हे, त्याची सत्ता आपल्या ठायी उगम पावत नाही, हे या जोडीवरून स्पष्ट होते.

'मुतलक' याचा धातू त्-ल्-क्, आणि अर्थ 'सुटणे, मोकळे होणे'. दावे सोडून चरावयास मोकळ्या केलेल्या सांडणीस अरबीत 'तालिक' म्हणत. विवाहबंधनातून सोडणे तो 'तलाक'. याच धातूच्या प्रयोजक रूपापासून 'इत्लाक' म्हणजे सोडणे, आणि त्याचे कर्मवाचक धातुसाधित 'मुतलक', म्हणजे सोडलेला, बंधनातून मोकळा केलेला. पुढे तत्त्वज्ञांनी व सूफींनी हाच शब्द उपाधिरहित, निरपेक्ष अशा सत्तत्त्वास लावला, आणि उर्दूच्या रोजच्या बोलीत नकाराबरोबर तो 'मुळीच' या साध्या अर्थाने उतरला. सांडणीपासून परब्रह्मापर्यंत एवढा प्रवास करूनही सुटलेपणाची मूळ कल्पना त्याने टाकली नाही.

३. सुटलेपणाची प्रतिमा

अमर्याद सत्तेची कल्पना करताना निरनिराळ्या भाषा एकाच प्रतिमेकडे वळतात, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. लॅटिनमधील 'आब्सोलूतुस' हा शब्द 'पासून सोडविणे' या अर्थाच्या क्रियापदाचा कर्मवाचक धातुसाधित होय. राजा कायद्यांच्या बंधनातून मोकळा असतो, हे मत रोमन विधिज्ञ उल्पियन याने तिसऱ्या शतकाच्या आरंभी मांडले व त्यातून पुढे युरोपातील निरंकुश राजसत्तेचा सिद्धान्त वाढला. आपल्याकडे 'निरंकुश' म्हणजे ज्याला अंकुश नाही असा हत्ती. 'उच्छृंखल' म्हणजे ज्याची साखळी गळून पडली तो. 'उद्दाम' म्हणजे ज्याचे दामन्, म्हणजे दावे, सुटले तो. आपले 'दावे' हे याच 'दामन्'चे मराठी रूप. फारसी-उर्दूत अनियंत्रित राजास 'मुतलक-उल्-इनान' म्हणतात. 'इनान' म्हणजे घोड्याचा लगाम. अर्थात ज्याचा लगाम सैल सोडला आहे तो. वाळवंटातील सांडणी, स्वाराचा घोडा, राजदारचा हत्ती आणि गोठ्यातील गुरू यांनी मिळून हे शब्द घडविले आहेत.

परंतु या प्रतिमेत एक बारकावा आहे. 'उद्दाम' आणि 'उच्छृंखल' हे शब्द बंधन तुटल्याचे सांगतात; ते कोणी तोडले याविषयी ते मौन पाळतात, आणि म्हणूनच त्यांच्यात निंदेची छटा आहे. 'मुतलक' तसा नाही. कर्मवाचक रूप असल्यामुळे त्याच्या पाठीमागे सोडणारा उभा आहे. जनावर सुटून पळालेले नाही. धन्याने ते आपल्या हाताने मोकळे केले आहे. म्हणून 'मुतलक' हे विशेषण सन्मानाचे होऊ शकले, आणि 'उद्दाम' कधीही पदवी होऊ शकला नाही.

४. मुतलक आणि मुकय्यद

इस्लामी धर्मशास्त्राच्या मीमांसेत 'मुतलक' याचा प्रतियोगी शब्द 'मुकय्यद' असा आहे. 'कैद' म्हणजे बेडी, बंधन. मराठीत हा शब्द तुरुंगापुरता उरला असला, तरी मूळ अर्थ अटीचा, मर्यादेचा आहे. जे वचन अटीविना आले ते मुतलक. जे अटीने बांधलेले ते मुकय्यद. हीच विभागणी वकालतीसही लागू होते. अमुक घोडा अमुक किमतीस विकत घे, असे सांगून नेमलेला वकील मुकय्यद; किंमत, वेळ, रीत यांची अट न घालता ज्याच्या विवेकावर काम सोडले तो मुतलक.

यावरून पदाचा अर्थ निश्चित होतो. 'मुतलक' हे विशेषण वकिलाच्या व्यक्तीचे नसून त्याच्या वकालतीचे आहे. तो कायद्यातून सुटलेला नाही. त्यास दिलेला अधिकारपट अटींतून सुटलेला आहे. अधिकाराचा विस्तार अमर्याद, परंतु उगम पराधीन, असा हा संयोग आहे. शास्त्राच्या दृष्टीने मुतलक वकीलही धन्याने दूर करताच, किंवा धनी मरण पावताच, वकील राहत नाही.

संस्कृत परंपरेतही हीच जाण निराळ्या वाटेने आलेली दिसते. पाणिनीच्या व्याकरणात 'अधिकार' ही पारिभाषिक संज्ञा आहे. अधिकारसूत्र पुढील सूत्रांवर आपला अंमल चालविते, परंतु तो अंमल कोठवर हे ठरलेले असते. त्या हद्दीपुढे त्याची अनुवृत्ती थांबते. वैयाकरणाच्या लेखी हद्द नसलेला अधिकार ही कल्पनाच संभवत नाही. मध्ययुगीन शिलालेखांतून श्रेष्ठ अमात्यास 'सर्वाधिकारी' म्हटलेले आढळते. त्यातही 'सर्व' हे व्याप्तीचे विशेषण आहे, स्वामित्वाचे नव्हे. 'वकील-इ-मुतलक' याचा 'सर्वाधिकारी' हा पर्याय म्हणूनच सर्वांत समर्पक वाटतो.

५. मोगल दरबारातील पद

मोगल राज्यव्यवस्थेत वकिलाचे पद आरंभी खरोखरच थोर होते. १५५६ मध्ये अकबर गादीवर आला तेव्हा तो चौदाव्या वर्षात होता व राज्याचा सारा भार 'वकील-उस्-सल्तनत' बैरामखान याजवर होता. परंतु १५६० मध्ये अकबराने त्यास दूर केले आणि पदाचे परप्रकाशित स्वरूप उघड झाले. पुढे वसुलाचा कारभार दिवाणाकडे व लष्कराचा मीर बक्षीकडे जाऊन वकिलाचे पद मानापुरते उरले.

१७०७ मधील प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर बहादूरशहा गादीवर आला. वजिरी त्याने आपला विश्वासू मुनीमखान यास दिली. परंतु औरंगजेबाचा जुना वजीर असदखान हयात होता व त्याचा मान राखणे प्राप्त होते. तेव्हा असदखानास 'वकील-इ-मुतलक' करण्यात आले. पद वजिराहून वरचे, शब्द अमर्याद अधिकाराचा. पण वृद्ध असदखान दिल्लीत राहिला, दरबारात त्याचा पुत्र झुल्फिकारखान नायब म्हणून वावरला आणि राज्य मुनीमखानाने चालविले. जो शब्द सर्वाधिक अधिकार सांगतो तोच अधिकार काढून घेतल्यावर सांत्वनार्थ द्यावयाचा शब्द झाला. पदव्यांच्या इतिहासात अशी उलटापालट वारंवार दिसते.

६. महादजींची निवड

१७८२ मध्ये नजफखान वारला आणि दिल्लीत त्याच्या सरदारांची आपसांत कापाकापी सुरू झाली. १७८४ च्या नोव्हेंबरात अफ्रासियाबखानाचा खून झाल्यावर बादशहाजवळ बलवान असा कोणी उरला नाही. महादजी त्या वेळी आग्र्याच्या आसमंतात फौजेसह होते. त्यांनी मीर बक्षीचे पद घेतले नाही, वजिरीही मागितली नाही. वजिरी अयोध्येच्या नबाबाकडे होती व त्याच्या पाठीशी इंग्रज उभे होते; १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर तेथे हात घालणे म्हणजे नवा तंटा ओढवून घेणे होते. उलट वकील-इ-मुतलक हे पद रिकामे होते आणि वजीर व मीर बक्षी या दोहोंच्याही वर होते. असदखानाच्या हाती पोकळ ठरलेला शब्द महादजींनी फौजेच्या बळावर पुन्हा भरला. शब्दात जीव नव्हता. तो कवायती पलटणींनी आणला.

तथापि बंधने आली ती शब्दातून नव्हे, वस्तुस्थितीतून. खजिना रिकामा, जहागीरदार फिरलेले, राजपूत राजे खंडणीस नाखूष. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत बादशाही पलटणींनी साथ सोडली व महादजींना माघार घ्यावी लागली. १७८८ च्या ऑगस्टात गुलाम कादिराने दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहआलमचे डोळे काढले. ज्याचा अधिकार अमर्याद म्हणून गाजला, त्या वकिलास आपल्या अशिलाचे डोळे वाचविता आले नाहीत. पुढे मराठी फौजांनी दिल्ली परत घेतली, गुलाम कादिरास पकडून मारले आणि अंध बादशहास पुन्हा गादीवर बसविले. गादीवर महादजी बसले नाहीत. या वेळी दुसरा कोणी असता तर बसला असता, असे सहज म्हणता येईल. परंतु ज्याने 'वकील' हा शब्द पत्करला त्याला अशील जिवंत ठेवणे भाग होते. अशील गेला की वकालत सरली.

७. वंशपरंपरा वकालत

या पदाशी पेशव्यांचे नावही जोडलेले होते. पेशवे वकील-इ-मुतलक व महादजी त्यांचे नायब, अशी मांडणी होती. १७९० च्या सुमारास बादशहाकडून मिळालेल्या सनदेने हे पद पेशव्यांकडे वंशपरंपरा चालावे आणि त्याची नायबी शिंद्यांकडे वंशपरंपरा राहावी, असे ठरले. १७९२ च्या जूनमध्ये महादजींनी पुण्यात थाटाचा दरबार भरवून ही वस्त्रे सवाई माधवरावांस दिली. बादशहाच्या रिकाम्या सिंहासनापुढे पेशव्यांनी तीन वेळा मुजरा करून १०१ मोहरा नजर केल्याचे ग्रँट डफने लिहिले आहे. नाना फडणिसांस हा सोहळा रुचला नव्हता. छत्रपतींच्या प्रधानाने दिल्लीची पदवी शिरावर घ्यावी, यात त्यांस अनुचितपणा दिसत होता. त्यासाठी साताऱ्याहून अनुज्ञा मिळविण्यात आली, तेव्हा सोहळा पार पडला.

भाषेच्या दृष्टीने या सनदेत एक विलक्षण विसंगती आहे. वकालत ही विश्वासाने दिलेली, परत घेता येणारी गोष्ट; ती वंशपरंपरा कशी असेल? सोपविणारा मेला तर जी संपते, ती पुत्रपौत्रादी कशी चालेल? परंतु ही विसंगती त्या काळच्या मराठी माणसास खुपली असेल असे वाटत नाही, आणि त्याचे एक कारण मराठीच्या प्रत्ययव्यवस्थेत आहे असे माझे मत आहे. 'मुतलक'ला भाववाचक 'ई' लागून 'मुतलकी' हा शब्द होतो. अरबीतील खोल घशातला 'क' आणि साधा 'क' हा भेद मराठी उच्चारात उरत नाही. त्यामुळे मूळ धातूचा 'क' व त्यापुढील 'ई' मिळून मराठी कानास 'की' हा प्रत्यय ऐकू येतो, आणि 'मुतलकी' हा शब्द 'पाटिलकी'च्या रांगेत जाऊन बसतो. पाटिलकी हे वतन. ते बापाकडून मुलाकडे जाते. स्वतःस पाटील म्हणवून घेण्यात भूषण मानणाऱ्या व कागदोपत्री 'पाटीलबावा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महादजींच्या काळी पातशाहीची मुतलकीही एक थोर वतन ठरावी, हे भाषेच्या स्वभावास धरूनच झाले.

फ्रेंच विधिज्ञ बोदँ याने १५७६ मध्ये सार्वभौमत्वाची दोन लक्षणे सांगितली : ते अमर्याद असावे आणि निरवधी असावे. ज्यास दुसऱ्याने कितीही विस्तृत सत्ता मुदतीपुरती दिली तो सार्वभौम नव्हे, केवळ विश्वस्त, असा त्याचा निर्वाळा आहे. या कसोटीवर १७९० ची सनद लावून पाहावी. 'मुतलक' या शब्दाने अमर्यादता आली, 'वंशपरंपरा' या शब्दाने निरवधीपणा आला; सार्वभौमत्वाची दोन्ही लक्षणे कागदावर पूर्ण झाली. तरीही 'वकील' हे विशेष्य जागचे हलले नाही, व ते त्या दोन्ही लक्षणांस नाकारीत राहिले. मराठ्यांच्या दिल्लीतील स्थानाचे इतके अचूक वर्णन दुसऱ्या कोणत्याही शब्दाने झाले नसते. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे वारले; १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली. अशील जिवंत होता, नायबांचा वंशही नांदत होता. पण वकालतीचा आधार असलेली फौज हरली, तेव्हा वंशपरंपरेचा कागद कामास आला नाही.

८. शब्दाचे उत्तरायुष्य

'वकील' शब्दाचा यानंतर मोठा अर्थसंकोच झाला. पेशवाईत परदरबारी राहून राजकारण पाहणारा तो वकील. हिंगणे घराण्याने दिल्लीस हेच काम केले. इंग्रजी अमलात १७९३ च्या बंगालच्या कायद्याने न्यायालयातील वकिलांचा व्यवसाय नियमबद्ध झाला, आणि हळूहळू हाच एक अर्थ सर्वत्र उरला. बादशहाचा अन्यरूप समजला जाणारा वकील काळा डगला घालून पक्षकाराची बाजू मांडू लागला. 'मुतलक' तर मराठीतून जवळजवळ नाहीसा झाला.

अमर्याद सोपवणुकीची कल्पना मात्र नाहीशी झाली नाही. तिने दुसरा शब्द धरला. तो 'मुखत्यार', आणि त्यास सर्ववाचक 'कुल' लागून 'कुलमुखत्यार'. याचा 'मुख' या संस्कृत शब्दाशी काही संबंध नाही. ख्-य्-र् हा अरबी धातू. 'खैर' आणि 'खैरात' याच कुळातले. 'इख्तियार' म्हणजे निवड, मग निवडीचे स्वातंत्र्य, मग अधिकार. त्याचे मराठी रूप 'अखत्यार'. 'मुख्तार' या अरबी रूपात धातूचा 'य' लोपलेला आहे. 'अखत्यार'च्या सादृश्याने तो 'मुखत्यार' या लोकरूपात नकळत परत आला. याहून लक्षणीय गोष्ट अशी की अरबी व्याकरणात 'मुख्तार' या एकाच रूपात कर्तृवाचक व कर्मवाचक हे दोन्ही धातुसाधित एकरूप होतात. 'निवडणारा' आणि 'निवडलेला' हे दोन्ही अर्थ त्या रूपात आहेत. धन्याने निवडलेला मनुष्य आपणच निवड करणारा कधी होऊन बसतो, हे जसे व्यवहारात कळत नाही, तसे व्याकरणातही कळत नाही.

आज दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जमिनीच्या व्यवहारासाठी 'कुलमुखत्यारपत्र' नोंदविले जाते. त्यामागे १८८२ चा मुखत्यारनाम्यांचा कायदा व १८७२ चा करारविषयक कायदा आहे. करारविषयक कायद्यानुसार धनी मरण पावला की मुखत्यारी संपते. मात्र त्या मालमत्तेत मुखत्याराचे स्वतःचे हित गुंतलेले असेल, तर तसा उलट करार नसल्यास त्या हितास बाध आणून ती संपविता येत नाही. महादजींची स्थिती या दुसऱ्या प्रकारच्या जवळची होती. पातशाहीच्या मुलखावर त्यांच्या फौजेचा खर्च चालत होता, आणि म्हणून त्यांस दूर करणे धन्याच्या हाती राहिले नव्हते.

९. समारोप

अठराव्या शतकातील सत्तावाचक शब्द एकत्र ठेवून पाहिले असता एक गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. 'नबाब' हे मुळात 'नायब' या शब्दाचे आदरार्थी योजलेले अनेकवचन. ज्या शब्दापासून आपण 'नबाबी थाट' म्हणतो त्याचा मूळ अर्थ दुय्यम, बदली मनुष्य असा आहे. 'वकील' म्हणजे सोपविलेला. साताऱ्याचा 'प्रतिनिधी' तर नावानेच दुसऱ्याच्या जागी उभा. ज्यांच्या हाती खरी सत्ता होती त्यांपैकी पुष्कळांची नावे दुय्यमपणाची, आणि ज्याच्या नावात जगाचे स्वामित्व होते तो शाहआलम, म्हणजे जगाचा राजा, अंध होऊन किल्ल्यात बसलेला. यात केवळ ढोंग पाहणे योग्य होणार नाही. सत्ता कोणाची तरी ठेव आहे, ती स्वयंभू नाही, ही जाणीव आचरणातून गेली तरी भाषेने ती राखून ठेवली होती.

म्हणून 'वकील-इ-मुतलक' याचे भाषांतर करताना 'हुकूमशहा' हा शब्द टाकला पाहिजे, व 'सर्वाधिकारी' किंवा 'अनिर्बंध मुखत्यार' यांपैकी एक पत्करला पाहिजे. अनिर्बंध हे विशेषण आहे आणि मुखत्यार हे नाम आहे. विशेषण कितीही मोठे केले तरी ते नामाच्या आश्रयानेच उभे राहते.